एका माणसाचा मोर्चा

वासुदेवराव सेलोकरांना जाऊन महिना उलटला होता. देवाजी गभने अंगणात लाखोळीच्या वाळल्या शेंगा बडवत बसला होता, तेव्हा तुलाराम जमादार सायकलवरून आला. अड्याळहून कोंढ्याकडे जाताना एक कच्ची वाट फुटते, तिच्या शेवटी पिंपळबोडी. तिथवर सायकल मारत आलेला पोलीस म्हणजे काहीतरी झालं असणार, म्हणून शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

जमादाराने टोपी काढून खाटेवर ठेवली, वासुदेवरावांच्या फोटोला हात जोडले, गिरजाबाईने दिलेलं पाणी प्याला आणि मग विचारलं, "मंग साहेबायचा मोर्चा यंदा केव्हा हाय जी?"

देवाजीच्या हातातली काठी थांबली. "साहेब वारले ना, जमादार."

"थे तं मले माहीत हाय. म्या खांदा देल्ला. पण मोर्चा वारला असं वरून काही आलं नाही. दरवर्षीसारखा बंदोबस्त लागला हाय. पाच शिपाई अन् मी."

"साहेबच नाही तं मोर्चा कोण काढंल?"

"तोच तं पेच हाय," तुलाराम म्हणाला. "बंदोबस्त लागला अन् मोर्चा निघाला नाही, तं मले लिहून द्या लागते का जमाव पांगवला म्हणून. पांगवला तं कसा पांगवला, लाठी चालवली का, कोणी जखमी झालं का. मी कोणाले पांगवू?"

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पण तुलारामाचा पेच कळायचा तर मागचं थोडं सांगितलं पाहिजे.

वासुदेवराव हे पिंपळबोडीतून न्यायाधीश झालेले पहिले गृहस्थ. शेवटचेही तेच. नोकरीत ते या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरले, लग्न केलं नाही, आणि पंचाहत्तर साली निवृत्त होऊन गावी आले, ते सख्ख्या भावाच्या घरी न जाता ट्रंक घेऊन थेट देवाजीच्या घरी उतरले. दोघे अड्याळच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मधल्या सगळ्या वर्षांत धानाची मळणी आटोपली की देवाजी तांदळाचं पोतं घेऊन साहेबांच्या बदलीच्या गावी जाई आणि पेरणीपर्यंत तिथेच राही. त्यामुळे चार-पाच जिल्ह्यांतल्या शिपायांची अशी ठाम समजूत होती की सेलोकर साहेबांना भात फार लागतो.

पिंपळबोडीने त्या दोघांना शेतीतले भागीदार ठरवलं. वासुदेवरावांनी पहिल्याच वर्षी निंदणाच्या वेळी धान उपटून तण राखलं होतं, तरी गावाने भागीदारीबद्दल शंका घेतली नाही. देवाजीची विधवा बहीण गिरजाबाई त्याच घरात होती. ती दोघांना जेवायला वाढी, दोघांवर सारखंच ओरडे, आणि कोणी आडून काही विचारलं तर म्हणे, "तुमच्या घरचं जेवण झालं का?"

मोर्चाचं मूळ होतं वासुदेवरावांच्या शेवटच्या बदलीच्या गावात. तिथे त्यांच्यासमोर दोन माणसं आणली गेली. एक शिंपी, दुसरा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. एका खोलीत राहत. घरमालकाने तक्रार केली होती, आणि विचारल्यावर दोघांनी सगळं खरं सांगितलं होतं. कलम तीनशे सत्याहत्तर. पळवाट नव्हती. साहेबांनी देता येईल तेवढी कमी शिक्षा दिली आणि बंगल्यावर आले. देवाजी त्या वेळी तिथेच होता, चुलीवर भात रटरटत होता. वासुदेवराव कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"देवाजी," ते म्हणाले, "आज म्या आपल्या दोघायले शिक्षा देल्ली."

देवाजीला आधी वाटलं, काही गंमत आहे. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भात उतरवून ठेवला.

निवृत्तीनंतर वासुदेवरावांनी हे कलम रद्द व्हावं म्हणून लिहायला सुरुवात केली. वर्तमानपत्रं छापेनात. एका आमदाराने तर हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, दुसरा कोणताही विषय द्या. नहराचं पाणी द्या, रस्ता द्या. मी विधानसभेत आडवा पडतो." म्हणून सत्याहत्तर साली त्यांनी कारध्याहून नदीचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरवलं.

ठाण्यात विचारलं, किती लोक येणार? साहेब म्हणाले, एक. ठाण्यातला कारकून म्हणाला, एकाचा मोर्चा नसतो. साहेब म्हणाले, मोर्चाला कमीत कमी किती माणसं लागतात ते कलम दाखवा, मी तेवढी आणतो. पुस्तकं उघडली गेली. तसं कलम सापडेना. निवृत्त का होईना, न्यायाधीशाशी वाद कोण घालणार? परवानगी मिळाली. आणि मोर्चा म्हटला की बंदोबस्त आलाच.

असा तो मोर्चा निघाला. मधोमध काळा कोट घातलेले, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाटी धरलेले वासुदेवराव, आणि त्यांच्या भोवती काठ्या घेऊन पोलीस. पुलाखाली म्हशी धुणारे लोक वर पाहून विचारत, "काय गुन्हा केला जी म्हाताऱ्यानं?" पूल संपला. मग साहेबांनी घोषणा दिली, "कलम तीनशे सत्याहत्तर!" आणि थांबले. घोषणेचा दुसरा अर्धा भाग लोकांनी म्हणायचा असतो. लोक नव्हते. साहेब वाट पाहत उभे. शिपाई एकमेकांकडे पाहत उभे. शेवटी तुलारामाला ते सहन होईना. "रद्द करा!" तो ओरडला.

वरिष्ठांनी नंतर त्याला झापलं. तुलारामाने उत्तर दिलं, "साहेब, घोषणा अर्धी राह्यली तं जमाव बिथरते."

"कोणता जमाव?"

"थेच, सेलोकर साहेब."

तेव्हापासून दरवर्षी घोषणेचा दुसरा अर्धा भाग पोलीस म्हणत. देवाजी मात्र एकदाही मोर्चाला गेला नाही. "मले नाही जमत थे," तो म्हणे. "तुमी जा. मी भात मांडून ठेवतो."

तर आता साहेब नव्हते आणि बंदोबस्त होता.

कुंपणापाशी उभ्या असलेल्यांनी ही बातमी सरपंचाकडे नेली. सरपंच भैय्यालाल हा उत्साही माणूस. गावातून एक न्यायाधीश झाला आणि त्याच्या तेरवीला बुंदीपलीकडे काही झालं नाही, ही गोष्ट त्याला टोचत होतीच. तो त्याच संध्याकाळी मारोतराव हेडमास्तरांना घेऊन देवाजीकडे आला.

"देवाजी, साहेबायचा मोर्चा निंघल," त्याने जाहीर केलं. "अन् एकट्याचा नाही निंघत आता. सारा गाव येईल. भजनी मंडळ येईल. साहेबायले मानवंदना म्हणून. फक्त मले एक सांगा, मागणी काय हाय?"

देवाजी जमिनीवरचे दाणे वेचू लागला, तसा भैय्यालाल मारोतरावांकडे वळला.

"गुरुजी, तुमी सांगा. तुमी तं साहेबायची पाटी वाचली होती भंडाऱ्यात."

मारोतरावांनी पाटी वाचली होती. ते खाकरले. "ते... समलिंगी लोकांच्या हक्कासाठी लढत होते."

"समलिंगी म्हणजे काय जी?"

"सम म्हणजे सारखं," गुरुजी म्हणाले. इथवर ठीक होतं. "आणि लिंग म्हणजे..."

तेवढ्यात गिरजाबाई चहा घेऊन बाहेर आली. मारोतरावांनी घाईने कप तोंडाला लावला, जीभ भाजली, आणि त्यांना पुढे बोलता येईना.

"लिंग म्हणजे पिंड!" भैय्यालालने मांडीवर थाप मारली. "सारख्या पिंडी! अरे देवा, माह्या ध्यानातच नाही आलं!"

पिंपळबोडीच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, महादेवाच्या दोन पिंडी आहेत, शेजारी शेजारी, एकाच मापाच्या. एकीवर देऊळ आहे. दुसरीचं छप्पर फार पूर्वी पडलं, ती उन्हापावसात उघडी.

"साहेब रोज संध्याकाळी पारीवर तिथीच बसत," भैय्यालाल म्हणाला. "देवाजी, तुमी बी राहत सोबत. म्या पाह्यलं. दोन सारख्या पिंडी, एकीले छप्पर अन् एकीले नाही. न्यायाधीश माणूस, त्याले अन्याय खपंल का? अन् तीनशे सत्याहत्तर? तो तलाठ्याकडचा खसरा नंबर असंल पारीचा. हो का नाही, गुरुजी?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर मोठी सुटका दिसली. "शब्दशः पाहिलं," ते जड जिभेने म्हणाले, "तर तसाही अर्थ निघतो."

"तसं नाही हाय थे," देवाजी म्हणाला.

"मंग कसं हाय?"

देवाजीला धानाच्या सगळ्या जाती सांगता आल्या असत्या. बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी किती ठेवायचं ते सांगता आलं असतं. पण या गोष्टीला त्याने आणि वासुदेवरावांनी घरातसुद्धा कधी नाव दिलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. भैय्यालालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, साहेबांच्या आठवणीने भरून आलं असेल म्हणून, आणि दोघे उठून गेले.

गिरजाबाई कप उचलायला आली. "भाऊ, काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? साहेब सांगत तं कायद्याच्या भाषेत सांगत. मले थे भाषा येत नाही."

"मंग आपल्या भाषेत सांग."

"आपल्या भाषेत कोणी सांगितलं हाय का अजून?"

"तूच सांगशील तं सांगितलं होईल," गिरजाबाई म्हणाली आणि आत गेली.

मोर्चाच्या दिवशी पिंपळबोडी पहाटेच रिकामी झाली. काही जण एसटीने गेले, काही बैलबंड्यांमधून. सर्वांत पुढच्या बंडीत साहेबांची वेताची खुर्ची बांधली होती आणि खुर्चीत हार घातलेला त्यांचा फोटो. फोटोतले वासुदेवराव काळ्या कोटात, समोर एखादा वकील फार बोलतो आहे अशा चेहऱ्याने बसलेले. भजनी मंडळाच्या म्होरक्या सीताबाई टाळ घेऊन दुसऱ्या बंडीत. भैय्यालालने एक भलं मोठं कापड रंगवून घेतलं होतं. त्यावर दोन पिंडी काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'समलिंगींना छप्पर द्या'.

कारध्याला पुलाच्या तोंडाशी तुलाराम जमादार पाच शिपाई घेऊन उभा होता. बंड्यांची रांग पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे कोण व्हय?"

"मोर्चा," भैय्यालाल म्हणाला.

"मोर्चा एकाचा हाय. माह्याजवळ बंदोबस्त एकाचा हाय. एका माणसाले पाच शिपाई, या हिशोबानं तुमाले अर्ध्या महाराष्ट्राचे पोलीस लागतीन."

"मंग आमी काय वापस जाऊ?"

तुलारामाने बराच विचार केला. मग तो म्हणाला, "मोर्चात एकच माणूस राहीन. बाकीचे बघे. बघ्यायले परवानगी लागत नाही. बघे कितीही असू शकते, मागं मागं चालू शकते, टाळ बी वाजवू शकते. पण मोर्चा एकच."

हे सर्वांना पटलं. मग तो एक कोण, यावर वाद सुरू झाला. भैय्यालालला वाटलं, सरपंच म्हणून आपणच. त्याने सदऱ्याची बटणं लावलीसुद्धा. सीताबाई म्हणाल्या, खुर्चीतल्या फोटोलाच मोर्चा समजा. तुलाराम म्हणाला, फोटो घोषणा देत नाही, आणि मयत माणसाला बंदोबस्त देता येत नाही. पुलावर दोन्ही बाजूंनी ट्रक अडले. ट्रकवाले खाली उतरून विचारू लागले, कोण वारलं?

गिरजाबाईने देवाजीच्या पाठीला हात लावला आणि ढकललं. तो शिपायांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. शिपायांना सवयच होती, त्यांनी लगेच कडं केलं.

देवाजीने आयुष्यात कधी दहा माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. तो चालू लागला. खाली वैनगंगेच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या हिरव्यागार पसरल्या होत्या. तिकडे पाहत तो चालत राहिला. पूल संपला. शिपाई थांबले. इथे साहेब घोषणा देत.

"कलम," देवाजी म्हणाला. त्याने पुन्हा श्वास घेतला. "कलम तीनशे सत्याहत्तर!"

"रद्द करा!" पोलीस ओरडले.

"रद्द करा!" मागून सगळी पिंपळबोडी ओरडली, आणि टाळ वाजले. बघे घोषणा देऊ शकतात का, हे तुलारामाने कोणाला विचारलं नाही.

देवाजीने मागे वळून पाहिलं. एवढी वर्षं साहेब इथे उभे राहून पाच शिपायांचा आवाज ऐकत होते, आणि आपण घरी भात मांडत होतो. त्याने पुन्हा घोषणा दिली. मग पुन्हा. भंडाऱ्याच्या दुकानांतून लोक बाहेर आले. पोलिसांच्या कड्यात एक म्हातारा शेतकरी, त्याच्यामागे बंडीत खुर्चीवर बसलेला फोटो, त्यामागे दोन पिंडींचं कापड आणि टाळ. एका दुकानदाराने नमस्कार करून खुर्चीपाशी नारळ फोडला.

कचेरीत निवेदन घ्यायला एक तरुण अधिकारी बाहेर आले. पुण्याकडचे असावेत. त्यांनी कापड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा पुसला.

"आपली मागणी काय आहे?"

भैय्यालाल कड्यात घुसला. "साहेब, आमच्या तलावाच्या पारीवर दोन सारख्या पिंडी हायेत. एकीले छप्पर हाय..."

"देवळांचं काम आमच्याकडे नाही," अधिकारी म्हणाले. "आणि तीनशे सत्याहत्तर हे काय?"

"पारीचा खसरा नंबर."

"खसरा रद्द करायचा? मग पार कुठे जाईल?"

भैय्यालालने मागे वळून मारोतराव गुरुजींना शोधलं. गुरुजी पलीकडे एका झाडाची पानं निरखत होते.

"देवळाचं काही नाही जी," देवाजी म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण टाळ थांबले.

"मी देवाजी गभने. हे खुर्चीतले वासुदेवराव सेलोकर, न्यायाधीश होते. आमी दोघं लहानपणापासून एकमेकायचे. थे नोकरीत होते तं मी जाऊन राहू. मंग थे माह्या घरी आले. नवरा-बायको राहते तसे राह्यलो आमी. तीनशे सत्याहत्तर म्हंते का यासाठी जेल हाय. अशा दोन माणसायले साहेबायनं सोताच्या हातानं जेल देल्ली होती. मंग त्यायले झोप लागे नाही. थे म्हणत, हे कलम नसाले पाह्यजे. माही मागणी बी थेच हाय. बाकी काही नाही."

बंडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला. "जमादार, तुम्ही ऐकलंत ना? ही शासनासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली होते."

"मी बंदोबस्तात होतो साहेब," तुलाराम म्हणाला. "माहं ध्यान जमावावर होतं."

"जमाव हाच आहे ना?"

"हो जी. म्हणूनच. ध्यान त्याच्यावर होतं, बोलण्यावर नव्हतं."

"पण मी ऐकलं आहे."

"मंग गुन्हा लिहून घेतो साहेब. फिर्यादी तुमी. आरोपी दोन लागते. एक हा. दुसरा?"

सर्वांनी खुर्चीकडे पाहिलं. फोटोतले वासुदेवराव अधिकाऱ्यांकडे तसेच पाहत होते, वकिलाचं बोलणं आणखी लांबलं आहे अशा चेहऱ्याने.

"हे मयत आहेत," अधिकारी म्हणाले.

"हो जी. अन् न्यायाधीश बी होते. त्यायले समन्स कसं बजावू, तेवढं लेखी द्या."

अधिकाऱ्यांनी फोटोकडे, कापडावरच्या पिंडींकडे आणि आवारभर पसरलेल्या गावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "निवेदन मिळालं. वर पाठवतो." आणि जायला निघाले. दारापाशी थांबून देवाजीकडे वळले आणि काहीसे अवघडून म्हणाले, "उन्हात उभे राहू नका फार वेळ."

आता गाव बोलायला लागलं. मागच्या बंडीतले तीन-चार पुरुष खाली थुंकले आणि काही न बोलता एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. एक जण ओरडला, "आमाले या कामासाठी आणलं का?" देवाजी मान खाली घालून उभा होता. गिरजाबाई त्याच्या शेजारी आली आणि पदर खोचून उभी राहिली.

मग सीताबाई बंडीतून उतरल्या. वय झालेलं, गुडघे दुखत होते, त्यामुळे उतरायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले. त्या देवाजीकडे न जाता सरळ भैय्यालालसमोर गेल्या.

"म्हणजे पिंडीवर छप्पर नाही येत?"

"काकू, तुमी ऐकलं ना हा काय म्हणाला?"

"ऐकलं. त्यात नवीन काय हाय? एका घरात राहत, एका ताटात जेवत. साहेबायले ताप आला होता तं यानं तीन दिवस पाणी नव्हतं घेतलं. आमी काय आंधळे हावो? मले थे नको सांगू. मले सांग, देवाच्या नावानं खोटं काहून बोलला?"

"म्या खोटं नाही बोललो! माही समजूत तशी झाली होती!"

"मंग माही समजूत काहून करून देल्ली? गुडघे धरून आली मी इथवर!"

या मुद्द्यावर बराचसा गाव एकदम पेटला. देवाजी आणि वासुदेवरावांबद्दल काय म्हणायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण छपराबद्दल काय म्हणायचं हे सर्वांना ठाऊक होतं. भैय्यालालला लोकांनी घेरलं. तुलारामाला शेवटी बंदोबस्त देवाजीभोवतीचा काढून सरपंचाभोवती लावावा लागला.

ते कलम रद्द झालं नाही. वर गेलेलं निवेदन वरच राहिलं. पुढच्या निवडणुकीत भैय्यालाल पडला. विरोधकांनी देवाजीचं नावही काढलं नाही, फक्त उघडी पिंड दाखवली. मारोतराव गुरुजींनी बदली मागून घेतली. थुंकून गेलेल्यांपैकी दोन घरांनी देवाजीकडचं पाणी पिणं सोडलं. त्यांतल्या एकाने धानाच्या रोवणीच्या वेळी आपला नांगर मोडला म्हणून देवाजीचा मागून नेला आणि परत आणून दिला, पाणी न पिता.

ग्रामपंचायतीने वासुदेवरावांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं होतं. त्यावर काय कोरायचं याच्या बैठका पावसाळाभर चालल्या. 'थोर समाजसेवक' म्हणावं, असं काहींचं मत. देवाजी दर बैठकीला जाऊन बसे. "थे काही समाजसेवक नव्हते," तो म्हणे. "त्यायनं काय केलं थे लिहा, नाही तं काहीच नका लिहू." शेवटी नुसतं नाव आणि 'न्यायाधीश' एवढं कोरलं. देवाजीला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्याने ते सभेत सांगितलं. आता त्याला सभेत बोलायला जमू लागलं होतं.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं होतं. एका दुपारी दोन अनोळखी माणसं वाट विचारत विचारत देवाजीच्या अंगणात आली. तुमसरकडे राइस मिलमध्ये कामाला आहेत आणि एका खोलीत राहतात, म्हणाली. एक उंच, एक जाडसर, दोघांचेही कपडे कोंड्याने माखलेले. कशासाठी आलात असं देवाजीने विचारलं, तर उंच माणूस म्हणाला, सहज, इकडून जात होतो. पिंपळबोडीवरून कुठेच जाता येत नाही, रस्ता तिथेच संपतो. देवाजी म्हणाला, बसा.

गिरजाबाईने मासोळीचा रस्सा आणि भात वाढला. ते दोघे खाली पाहून जेवत राहिले. धानाचं विचारलं, पाऊस कसा झाला ते विचारलं. मग जाडसर माणसाने फोटोकडे पाहून विचारलं, "साहेब कसे होते जी?"

तेरवीला गाव जेवून गेलं होतं, मोर्चा निघाला होता, दगडासाठी बैठका झाल्या होत्या. हे कोणी विचारलं नव्हतं.

"घोरत," देवाजी म्हणाला.

उंच माणसाला हसू आलं, त्याने ते दाबलं.

"नाही, हासा. लय घोरत. अन् जळवायले भीत. बांधीत पाय नाही टाकत. पारीवर उभे राहून मले हुकूम सोडत, डाव्या बाजूले पाणी जास्त झालं, उजव्या बाजूले कमी हाय. दोन्ही बाजू बरोबर राहत. वांगं खात नाही. गिरजा मुद्दाम करे, तं ताट घेऊन अंगणात जाऊन बसत. कोंबड्या भांडल्या तं दोघीयचं म्हणणं ऐकून घेत, बरं का, खरंच, समोर बसून. म्हणत, एकीचंच ऐकून निकाल देता येत नाही..."

गिरजाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "वांग्याचं खोटं हाय," ती म्हणाली. "एकदाच केलं होतं मुद्दाम."

"दोनदा," देवाजी म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. "अन् एकदा काय झालं, आमी दोघं पवनीच्या यात्रेले गेलो..."

गिरजाबाईने पाहुण्यांच्या ताटांतला गार झालेला रस्सा काढून घेतला आणि गरम करायला आत नेला.